पन्नी सरळ ओढायची असते

पुसद,
गुरुवार

प्रिय मिता,

तुझं पार्सल काल पोचलं. ट्रॅव्हल्सवाल्यानं दुकानासमोर गाडी थांबवली आणि गादीच्या खोळीत गुंडाळलेली ती लांबडी वस्तू दोन बोटांनी धरून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, भाऊ, खेळण्यातली गन आहे, बॅटरीवर चालते, प्लॅस्टिकचे छर्रे मारते. तर म्हणतो, ते तुम्ही पोलिसांना सांगा, मले कायले सांगता. अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं बरं का. आता दुकानात येईल त्याला सुईत दोरा ओवून दाखवतात. पार्सलवरचं तुझं अक्षर त्यांनी चष्म्याशिवाय वाचलं आणि गल्लीभर सांगून आले की मितालीनं आठवण ठेवली. पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवून बसले आहे, पण राग आला की माझं मराठी आपल्या वळणावर जातं हे तुला ठाऊक आहे. तेवढं सांभाळून घे.

तुझा मेसेज किती वेळा वाचला ते विचारू नकोस. गन आधी अधूनमधून अडकायची, आता साफ बंद झाली, यवतमाळातल्या दुकानवाल्यांनी हात वर केले, आणि रविवारी तुमच्या गेम झोनमध्ये वाढदिवसाचं मोठं बुकिंग आहे. शेवटी लिहिलंस, तुझ्याशिवाय कोणाला जमणार वं. मिता, मी हुरळून गेले. दोन वर्षांत माझ्या हाताबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. अम्मीला चहा टाकायला सांगितला आणि हातातला गिऱ्हाइकाचा मिक्सर बाजूला सारून तुझी गन टेबलावर घेतली.

आधी सोपं ते पाहायचं, अवघड मागून. बॅटरी चार्ज होती. फ्यूज चांगला होता. बॅटरीची जोडणी घट्ट होती. नळीत छर्रा अडकलेला नव्हता. ट्रिगर दाबला तर आतून कसला म्हणजे कसला आवाज नाही. मोटर घुरघुरली असती तर गिअरचे दात गेले म्हटलं असतं, पण ही मुकी. म्हणून मोटर काढून सरळ बॅटरीला लावली, तर गरकन फिरली. म्हणजे बॅटरी ठीक, मोटर ठीक, करंट मधेच कुठंतरी अडतोय. आणि ती मोटर हातात फिरत असतानाच मला खेमसिंगभाऊंच्या शेतातला तो रविवार आठवला, कारण त्या दिवशीही असंच झालं होतं, अगदी इथपर्यंत.

हुरड्याचे दिवस होते. धरणाच्या रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात शहरातली माणसं हुरडा खायला येतात, बैलगाडीत बसतात, बाजेवर लोळतात. पोरांसाठी एखादा नवा खेळ हवा म्हणून भाऊंनी आपल्याला बोलावलं होतं. पसंत पडलं तर कडुलिंबाखालची जागा कायमची आपली, असा शब्द दिला होता. आपल्या दोघींचं पहिलं स्वतःचं काम! मी तर आठवडाभर धड झोपले नव्हते. आदल्या दिवशी आपली हीच गन मी स्वतः चालवून पाहिली, मग ती तुझ्या घरी राहिली, कारण तुझं घर स्टँडच्या जवळ. सकाळी दोरीला रिकामे डबे बांधले, मागं बारदाना ताणला, पोरांना चष्मे दिले. ही मोठी रांग लागली. पहिल्या पोरानं नेम धरला, ट्रिगर दाबला, आणि काहीच नाही.

मी घामाघूम झाले. तू माझ्याशेजारी उकिडवी बसलीस आणि मोबाइलचा टॉर्च धरलास. मी बॅटरी बदलली, फ्यूज पाहिला, वायरी हलवून पाहिल्या. मोटर फिरली तेव्हा मी ओरडलेच, मिता, ट्रिगरमध्येच आहे, सापडलं बाप्पा! स्क्रू काढायला घेतला आणि तू माझं मनगट धरलंस. उघडू नको म्हणालीस, आतली स्प्रिंग उडाली तर एवढ्या लोकांत तमाशा होईल. मी ऐकलं. तुझं मी कायम ऐकत आले. पोरं कंटाळून बैलगाडीकडं गेली. खेमसिंगभाऊ भले माणूस, एका शब्दानं बोलले नाहीत, पण जागा उड्या मारायच्या जाळीवाल्याला दिली.

परत येताना ऑटोत मी रडले ते आठवतं? माझ्या हातानं तुझंही काम गेलं म्हणून मी तुझी माफी मागितली. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, जाऊ दे वं, केलं माफ. त्याच महिन्यात तू यवतमाळला साकेतच्या गेम झोनमध्ये गेलीस. आतेभावाचं काम आहे, घरचे ऐकत नाहीत, म्हणालीस. माझी ती पुन्हा उघडायची हिंमत झाली नव्हती. जाताना गनही नेलीस, नाहीतरी बंदच आहे, साकेत कुणाला तरी दाखवेल म्हणून. पुढं तुझा निरोप आला की तिथल्या माणसानं चुटकीसरशी नीट केली. मी तुला शाबासकीचा अंगठा पाठवला आणि शटर ओढून बसले. जे मला जमलं नाही ते कोणालातरी चुटकीसरशी जमलं होतं. तेव्हापासून नाजूक काम मी हातात घेत नाही. पंपाच्या जळक्या मोटरींत नवी तार भरते, मिक्सर करते. कोणी ड्रोन नाहीतर चावीची गाडी घेऊन आलं की सांगते, आमच्याकडे होत नाही.

आता थोडं मागचं आठव. आपण आठवीत होतो. अब्बांना जुनी स्कूटर बाजारात उभी करायची असली की ते तिच्या ठिणगीच्या पॉइंटमध्ये पन्नीची, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची, पट्टी सरकवायचे. दोन पाती एकमेकांना भेटतच नाहीत, ठिणगी पडत नाही, चोरानं कितीही किका मारल्या तरी गाडी मुकीच. अगरबत्तीच्या पुड्यावरची पन्नी, तिची दुहेरी घडी, आणि काढायला सोपं म्हणून थोडी शेपटी बाहेर. ही युक्ती त्यांनी दुकानातल्या कारागिरांनाही दाखवली नाही, आपल्या दोघींना दाखवली. आणि तुला दर वेळी टोकायचे, सरळ ओढ बेटा, तिरकी ओढली की तुटते, तुकडा आत राहतो. तू मुलखाची उतावळी. तुझी दर वेळी तुटायची, आणि अब्बा हसत हसत चिमटा घेऊन बसायचे.

काल मी स्क्रू काढले. या वेळी मनगट धरायला कोणी नव्हतं. ट्रिगरच्या दोन पात्यांच्या मधे नखाएवढा तुकडा होता, ठिणग्यांनी वितळून काळा पडलेला, एका पात्याला चिकटलेला. इतके दिवस कोपऱ्यात पडून असेल, सरकत सरकत मधे आला आणि गन बंद पडली. एक कड मात्र अजून स्वच्छ होती. दुहेरी घडीची, तिरकी फाटलेली. मी बराच वेळ तो कचराच आहे असं स्वतःला सांगत होते. अब्बांनी तो चिमट्यानं उचलून उजेडात धरला आणि मलाच विचारलं, ये तूने डाला था क्या बेटा? मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी दुसरं नाव घेतलं नाही. चहा तसाच ठेवून नमाजला गेले. उठता-बसता तुझी चौकशी करणारा माणूस कालपासून तुझ्याबद्दल चकार शब्द बोललेला नाही.

काहून वं मिता? यवतमाळले जायचं होतं तर जातो म्हणायचं. साकेतले मी नको होती तर तसं तोंडावर सांगायचं. मी भांडली असती, तुह्याशी दोन-चार दिवस बोलली नसती, अन् मंग स्टँडवर तुही बॅग मीच उचलली असती. तुले नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तू माहे हातच खोटे पाडले. तेही अब्बाच्या युक्तीनं, चोरासाठी शिकवलेल्या. टॉर्च धरला वं तू! मी येड्यावानी बिघाड शोधून राह्यली होती, अन् तो कुठं आहे हे ठाऊक असलेली बाई माह्या बाजूला बसून मले उजेड दाखवत होती. अन् चुटकीसरशी नीट करणारा माणूस कोणी नव्हताच, तिथं जाऊन पन्नी तूच ओढली. सरळ ओढली असती तर मले जन्मात कळलं नसतं. तेवढंही तुले जमलं नाही.

असो. गन चालू आहे. पाती घासून लख्ख केली, एक वायर जळकी वाटली ती बदलली, मागच्या अंगणात डबे टांगून मारून पाहिली. एकही छर्रा चुकला नाही. खोटं सांगत नाही, मी नवी पन्नी घडी घालून हातात घेतली होती. मग रविवारी चष्मे लावून रांगेत उभी राहणारी पोरं डोळ्यांपुढं आली आणि ती कचऱ्यात टाकली. आज संध्याकाळच्या गाडीनं गन पाठवते आणि हे पत्र खोळीतच ठेवते. फोन करता आला असता. केला नाही, कारण फोनवर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मले काही सुधरत नाही, मीच पुन्हा सॉरी म्हणून मोकळी झाले असते. तुकडा इथं खाली सेलोटेपनं चिकटवला आहे, ओळखून घे. दुरुस्तीचे पैसे पाठवू नकोस. त्या दिवशी ऑटोत मी तुझी माफी मागितली होती ना, ती तेवढी मला परत पाठव.

कालपर्यंत तुझीच,
फरहाना