चेहऱ्यांचं घड्याळ

३ जून

ती. स्व. ताईस, सा. न.

तू बालवर्गाची हाडाची शिक्षिका, म्हणून तुलाच विचारतो. लेक ऑपरेशनसाठी इस्पितळात, जावई तिच्या उशाशी आणि चार वर्षांची नात माझ्या पदरात. आठ दिवस झाले, पोरगी आईचं नावही काढत नाही. काल मात्र माझ्या मनगटाला कडकडून चावली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही. हे उत्तर ती माझ्याकडूनच शिकली असावी. मला काळजी वाटते, एवढंच. काही सुचव.

तुझा,
भाऊ

७ जून

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

विचारू नकोस, खेळ. कागदावर हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला असे चेहरे काढ. आज आपला कुठला, ते दोघांनी दाखवायचं. पण तू खरं दाखव. आपली आई गेली तेव्हा डोळ्यात कचरा गेला म्हणत तीन दिवस डोळे चोळत होतास, ते मी विसरलेले नाही.

मनगटाला औषध लाव आणि लोभ असू दे.

ताई

१४ जून

ती. स्व. ताईस, सा. न.

जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, मग कागद कशाला? भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उतरवलं आणि तबकडीवर चार चेहरे रंगवले. माझा हसरा चेहरा दाढदुखीचा वाटतो, ते सोड. पण हात स्वस्थ बसतील तर ना! यंत्र पुसलं, तेल घातलं, किल्ली दिली. काटे आपले आपण फिरू लागले. सकाळी नऊला आमच्या छोट्या बाईसाहेबांनी दुधाचा पेला भिरकावला आणि म्हणाल्या, रागाची वेळ झाली. तीनला, रडक्यावर काटा येताच, शिस्तीत भोकाड पसरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शेवटी यंत्रच काढून टाकलं आणि घड्याळ परत भिंतीवर टांगलं. मोठा काटा माझा, छोटा तिचा. मी रोज हसऱ्यावर लावायचो, मग तीही माझ्याकडे बघून तिथेच लावायची. माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नाही.

परवा जावयाचा फोन आला, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. फोन ठेवला आणि सवयीने काटा हसऱ्यावर नेला. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि माझा काटा घाबरलेल्यावर आणून ठेवला. "आजोबा, खोटं नाही लावायचं."

मी म्हटलं, हो गं, भीती वाटते मला. तिने आपला काटाही तिथेच आणला. मग विचारलं, "आई घरी येणार ना?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, डॉक्टर खूप प्रयत्न करणार आहेत, आणि मलाही तिची फार आठवण येते. दोघंही रडलो. ताई, डोळ्यात कचरा गेला नव्हता.

काल ऑपरेशन नीट पार पडलं. मी धावत काटा हसऱ्यावर न्यायला गेलो, तर तिने माझा हात धरला, माझं तोंड नीट निरखून पाहिलं आणि मगच परवानगी दिली.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
भाऊ