हातात जोर न्हाई

सर,

मी तुमच्यावर चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, जुन्या विद्यार्थिनीनं प्रेमानं आठवण काढली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. लातुरात अजूनही तुमचं नाव निघालं की लोक म्हणतात, "लई सज्जन माणूस. पोरींना घेऊन गावोगाव फिरला, पर कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली न्हाई." खरं आहे ते. मला राग येतो तो त्या सज्जनपणाचाच.

मी आता किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्याकडे दहावीतली एक मुलगी सॉफ्टबॉल खेळते. तिची नजर अशी की पिचरच्या हातून चेंडू सुटला न सुटला तोच तिला कळतं, तो कुठं येणार. पण बॅट फिरवायची ती नुसत्या हातांनी. पाय जमिनीत पुरल्यासारखे, खांदे आखडलेले, आणि चेंडू नेमका बॅटवर आला तरी पिचरच्या पायाशी जाऊन मरायचा. विभागाच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळते, बारावीपर्यंत शिकता येतं. नाही झाली तर दहावीनंतर घरी, असं तिच्या बापानं मला तोंडावर सांगितलं होतं. एका संध्याकाळी तिनं बॅट खाली टाकली आणि म्हणाली, "म्याडम, सोडा. माझ्या हातातच जोर न्हाई." सर, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं हे आपलं आपणच ठरवलं होतं. मला मात्र ते तुम्ही सांगितलं होतं.

आपल्या शाळेचं मैदान. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला आम्ही, अंगात सलवार-कमीज, ओढणी आडवी घेऊन कंबरेला घट्ट गाठ मारलेली. मधे तुम्ही, गळ्यात शिट्टी. मुलांकडं तोंड केलं की तुमचा आवाज सगळ्या मैदानावर जातो, "कंबर फिरव, कंबर. मागच्या चवड्याखाली विडी विझव." आणि आमच्याकडं वळलात की आवाज उतरतो, नजर जमिनीवर जाते. "हां, हात मारा पोरींनो. हात." तुम्हाला काय वाटायचं, आम्ही बहिऱ्या आहोत? एक दिवस मी मुलांना सांगितलेलं करून पाहिलं. मागची टाच उचलून फिरवली, कंबर फिरली, हात तिच्यामागून आले. चेंडू बॅटला लागल्याचं कळलंसुद्धा नाही, आणि तो पाण्याच्या टाकीपलीकडं गेला. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही चेंडूकडं बघतच नव्हता. तुम्ही मैदानाच्या कडेच्या जाळीकडं बघत होता, तिथं माझे वडील सायकल धरून उभे होते. मग तुम्ही म्हणालात, "ए पोरी, हे काय लावलंस? हितं काय तमाशात नाचायलीस का?" मुलं हसली. वडिलांनी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या कमीजची दुमड उसवून ती लांब केली.

त्यानंतर मी हातांनीच मारत राहिले. निवड चाचणीत माझे सगळे चेंडू पिचरनं वाकून उचलले. परतीच्या एसटीत तुम्ही पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणालात, "तुझ्या हातात जोर न्हाई, बाई. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?" आणि पुढच्या आठवड्यात बाजारातून माझ्यासाठी स्प्रिंगचा तो हँडग्रिप आणून दिलात. "हे दाबत जा रोज." कीव येऊन दिलात, तेवढं मला कळत होतं. तरी मी तो दाबायचे. चुलीपुढं बसून, तव्यावरची भाकरी फुगायची वाट बघत, एका हातानं झालं की दुसऱ्या हातानं. आई म्हणायची, "अगं, भाकर थापायपुरता तरी जोर ऱ्हाऊ दे." शाळा सुटली, कॉलेज झालं, तरी तो माझ्या पिशवीत असायचा, आणि माझे हात कमजोर आहेत हे मी माझ्या जन्मतारखेइतकं खरं मानत होते.

मग नांदेडला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात एका सकाळी बाईंनी सांगितलं की फटक्याचा जोर पायातून निघतो, कंबरेतून वर येतो, हात फक्त तो बॅटपर्यंत पोचवतात. बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. मी बसून राहिले. मला हे माहीत होतं, मी केलं होतं, आणि मुख्य म्हणजे तुम्हालाही माहीत होतं. ठाऊक नसलेल्या माणसाला माफ करता येतं. तुम्ही दिवसभर मुलांना तेच शिकवत होता. आडात होतं, सर. पोहरा तुम्ही सोडूच दिला नाहीत. त्या रविवारी लातूरला येऊन तुमच्याशी भांडायचं ठरवलं, तर कळलं की तुम्ही दिवाळीतच गेलात. भांडायलाही उरला नाहीत.

तुमची बाजू मला माहीत आहे. आमच्या ओसरीवर बसून तुम्ही वडिलांना म्हणाला होता, "पोरगी माझ्या जबाबदारीवर द्या. कुणी नाव ठेवंल असं काही होणार न्हाई." तुम्ही असं घरोघर गेलात म्हणून मुलींचा संघ उभा राहिला. एका बापानं तक्रार केली असती तर सगळ्याच मुली घरी बसल्या असत्या. हे सगळं मी स्वतःला कितीदा समजावलं. पण वडील आजारी होते तेव्हा एक दिवस, मी त्यांना पेज भरवत असताना, मधेच म्हणाले, "त्या दिशी तुझा चेंडू टाकीच्या पल्याड गेलता न्हवं? लई लांब गेलता." सर, ते चेंडू बघत होते. तुम्ही ज्यांना भिऊन मला गप्प केलंत, तो माणूस चेंडू बघत होता. खाली मान घातली ती तुमचं वाक्य ऐकून. तुम्ही त्यांना एकदा विचारायचं तरी. विचारलं नाहीत. त्यांच्या वतीनं तुम्हीच लाजलात आणि त्याची किंमत माझ्याकडून घेतलीत.

असो. त्या मुलीचं सांगते. मी तिला म्हटलं, हातांचं विसर, हिप फिरव. तिनं विचारलं, "म्याडम, हिप म्हंजे?" आणि माझ्या तोंडातून मराठी शब्द निघेना. शिकलेली बाई मी, इंग्रजी शब्दाच्या आडोशाला उभी. शेवटी म्हटलं, "कंबर." ती हसली. "कंबर व्हय? मग तसं सांगा की. मी म्हणलं काय नवीनच हाय." तिला त्यात काहीच वाटलं नाही. ज्या कंबरेवर घागर ठेवायची तीच कंबर. तरी बॅट हातात आली की ती परत आखडायची. मग एका रविवारी हॉस्टेलच्या मागं ती कपडे धूत होती. धुणं झाल्यावर तिनं बादली दोन्ही हातांनी उचलली आणि उरलेलं पाणी पार कडुलिंबाच्या बुडापर्यंत भिरकावलं. टाच फिरली, कंबर फिरली, हात मागून आले. मी जागच्या जागी ओरडले, "हे. हेच." ती घाबरली, तिला वाटलं पाणी वाया घालवलं म्हणून मी रागावले. त्यानंतर काही दिवस आम्ही बॅटला हातच लावला नाही. नुसतं बादल्यांनी पाणी फेकलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "तुम्ही खेळ शिकून राहिलात का अंगणात सडा टाकून राहिलात?"

परवा लातूरला चाचणी झाली. तेच मैदान. टाकी पाडली आहे, जाळी तीच. पहिल्या चेंडूला ती पूर्वीसारखीच आखडली आणि बॅट नुसती हवेत फिरली. तिसऱ्या चेंडूला मी रेषेबाहेरून ओरडले, "कंबर फिरव, कंबर." शब्द तुमचेच होते, तसेच दोनदा. मला तुम्ही ते शिकवले नव्हते, मी ते ऐकले होते. तिनं बादलीतलं पाणी भिरकवावं तशी बॅट फिरवली आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. जाळीपाशी तिचा बाप उभा होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "म्याडम, कुठवर गेला वो? मला उन्हात दिसला न्हाई." संध्याकाळी यादीत तिचं नाव आलं.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुमच्या घरी टाकलं तर तुमच्या मुलाबाळांना उगाच त्रास, आणि त्यांचा यात काय दोष. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगता येते, दुसऱ्या कोणाला कळायची नाही. मी तिसऱ्या चेंडूला ओरडले. ओरडायला दुसऱ्याच चेंडूला तोंड उघडलं होतं. तेव्हा आधी मी जाळीकडं बघितलं, बाप उभा आहे का, आणि तो उभा होता, म्हणून मी तोंड मिटलं. तो चेंडू तिनं हातांनीच मारला आणि तो घरंगळत रेषेबाहेर जाऊन मेला; फाऊल धरला, म्हणून ती बाद होता होता वाचली.

तो एक चेंडू माझा, सर. बाकीचे सगळे तुमचे.