क्रूसावरचं मधलं नाव

प्रिय अजित,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू गेलास त्याला वर्ष उलटून गेलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण आता थांबून चालणार नाही. शिवडीला तुझ्या कबरीवरच्या लाकडी क्रूसाचा रंग उडालाय. शनिवारी पेंटर येणार. पास्टर विचारत होते, "काका, मजकूर तोच ठेवायचा ना?"

तोच म्हणजे काय? 'अजित सावंत'. मध्ये मी कुठाय? रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे तू अजित वसंत होतास. मी तणतणलो तेव्हा पास्टर खाली बघत म्हणाले, "त्यानेच सांगितलं होतं, काका. मधलं नाव नको म्हणाला."

का रे? चाळीत मला लाज वाटू नये म्हणून, की तुला आभाळातला नवा बाप मिळाला म्हणून?

तुझी आई म्हणते, "नाही लिहिलं तर नाही. तुमचं काय अडलंय?" तिला काय जातंय! तिचं नाव कुठे कधी लागलंच नव्हतं.

रागाच्या भरात तुझं ते येशूच्या गोष्टीचं पुस्तक, शुभवर्तमान, उघडलं. म्हटलं, बघू तरी एवढं काय आहे त्यात. पहिल्याच पानावर नुसती नावं! ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. म्हाळाला भटजी पणजोबांचं नाव विचारतात तेव्हा मी दरवर्षी अडखळतो, आणि इथे पानभर बापच बाप. बरं, एवढं करून थांबतात कुठे? येशूच्या आईचा नवरा, योसेफ सुतार, त्याच्यापाशी. आणि लगेच सांगतात, मूल त्याचं नव्हतंच, देवाचं होतं! मग त्या गरिबाचे बापजादे कशाला सांगितले? त्याने पोर वाढवायचं आणि बाजूला व्हायचं? बाळाचं नाव मात्र त्यानेच ठेवलं, असं लिहिलंय. तुझंही मीच ठेवलं होतं.

तू चर्चला जायला लागलास आणि तुझी दारू सुटली, तेव्हा शेजारचा बंडू जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "काय वसंतराव, पोराची दारू सुटली म्हणून पेढे, की देव सुटला म्हणून सुतक?" मी पेढे वाटले. त्यालाही दिला एक.

मग तू मला समजावायला बसलास. "बाबा, येशूवर विश्वास म्हणजे काय माहितेय? आधी सुधार, मग जवळ घेतो, असं तो म्हणाला नाही. प्यायलेला होतो तसाच घेतला मला."

आणि मी? कॉटन ग्रीनला गोदामाबाहेर पडलेला असायचास, तिथून तुला खांद्यावर कोण आणायचं? उलटी कोण पुसायचं? तू सुधारायची वाट मी तरी कुठे बघितली? पुसताना शिव्या घातल्या, एवढाच काय तो फरक! त्याच्यापुढे गुडघे टेकलेस. मला कधी साधं "बाबा, दमलात का?" विचारलं नाहीस. आणि दारू सोडवली त्याने, मग लिव्हर तेवढं तसंच का ठेवलं?

बघ, पुन्हा सुटलं माझं तोंड.

तू म्हणायचास, मरण म्हणजे शेवट नाही, आम्ही उठणार आहोत. असेलही. पण उठलास आणि तिथे कोणी विचारलं, कुणाचा रे तू, तर काय सांगशील? एवढंच मला कळायला हवं. दुसरं काही मागत नाही.

शब्द देतो, तुझ्या होकाराशिवाय पेंटरला 'वसंत' लिहू देणार नाही. शनिवारी जाईन, बाजूला उभा राहीन, हूं की चूं करणार नाही. पण तू कळव. माझ्या नाही तर आईच्या स्वप्नात ये. तुमच्यात जसं कळवत असतील तसं कळव. नको असेल तर नको म्हण, पण शनिवारच्या आत कळव रे.

वाट बघणारा,
तुझा बाप
वसंत