सुकेळी आणि बेडकीचा पाला

अण्णा, आज माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखर तुमच्यासारखीच वाढली आहे. घरात सांगितलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या, वडिलांना होतीच म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय संपला. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली, तरी या आजाराबद्दल बोलायला मला अजून तुम्हीच लागता.

डॉक्टरांनी तुम्हाला गोड बंद सांगितलं तो दिवस आठवतो. वाडीतली राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घातलेली आणि तुम्ही ओट्यावर तोंड पाडून बसलेले. सुकेळी करणाऱ्या माणसाला गोड बंद. दर खेपेतलं एक सुकेळं चावून पाहिल्याशिवाय तुम्ही कुणाला गठ्ठा बांधू देत नव्हता. ऊन पुरेसं लागलं की नाही ते तुमचे दात सांगायचे. आई म्हणाली, "मी चाखीन की." तुम्ही म्हणालात, "तू चाखलेला माल बाजारातून परत येईल." त्यावर ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजच्या बागेतून बेडकीचा, म्हणजे गुडमारच्या वेलाचा, पाला रुमालात बांधून आणला. स्वयंपाकघरात तुम्हाला दोन पानं चावायला देते, मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवते. तुम्ही तोंड वाकडं करून म्हणता, "ही तर रेती आहे." आई हसते, किती दिवसांनी. मग मी माझी सगळी हुशारी तिथे ओतली. पाल्यातलं द्रव्य जिभेवर साखरेची जागा अडवून बसतं, आतड्यातही ते साखर थोडी रोखतं असं काही प्रयोगांत दिसलंय, रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला त्याची मदत होईल असं लोक म्हणतात. तुम्ही शाळेत बसल्यासारखे ऐकत होतात. "म्हणजे जिभेलाच कळलं नाही, तर रक्ताला कोण सांगणार?" मी हसले, आणि तुम्ही तो होकार धरलात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, हे मी सगळ्यात शेवटी म्हणाले. तोवर तुम्ही चपला घालून वेल कुठे लावायचा ते बघायला निघाला होतात.

वेल विहिरीपाशी छान चढला. आधी पाला, मग सुकेळं. चव नकोच होती तुम्हाला, नीट वाळलंय की नाही एवढंच दातांना कळायला हवं होतं. एकाची तीन झाली, तिनाची पाच. जीभ गप्प होती म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. केळीला पाणी सोडताना पायात काटा मोडला तोही तुम्हाला कळला नाही. अंगठा काळा पडला, मग पाय गुडघ्याखाली काढला, आणि तरी काही उपयोग झाला नाही. दवाखान्यात तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "पाला कमी पडला का गं, की मीच कमी खाल्ला?" त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आता मी गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात काम करते. जांभळाच्या बिया, मेथी, कारलं, बेडकी यांचे अर्क काढून तपासायचे. त्यांत काहीतरी आहे, अण्णा, हे खोटं नाही. पण या पावसाळ्यातल्या पानात आहे तेवढं पुढच्या पानात नसतं, आणि कुणाच्या अंगात ते किती लागू पडेल हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. फार तर औषधाच्या जोडीला थोडा आधार. एवढं वाक्य बोलायला माझं निम्मं आयुष्य गेलं. लोक फोन करतात, "मॅडम, पावडर घेतो, गोळी सोडू का?" मी नको म्हटलं, की ते दुसऱ्या कुणालातरी विचारतात. हो म्हणणारा त्यांना भेटतोच. वाडीच्या जागी आता इमारत आहे. मी रोज सकाळी गोळी घेईन, आणि पुढे काय होत जातं ते मला पाठ आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही गोळ्या सोडल्या होत्या हे मला दवाखान्यातच कळलं, असं मी डॉक्टरांना सांगितलं, आईलाही. ते खरं नव्हतं. न फोडलेली पाकिटं मला देवघराच्या फळीवर तीन महिने आधीच दिसली होती. मी ती होती तशी ठेवून दिली. नुसत्या पाल्यावर काय होतं ते मला बघायचं होतं.