दादाच्या स्टुलाला लाख

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा तो मनातल्या मनात घातलाय, तुम्ही मात्र पुरता धरावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मी मजेत आहे. काळजीचं कारण नाही, आणि उगाच प्रवासाची दगदग करून इकडे यायचंही कारण नाही.

पत्र लिहायचं निमित्त असं, की दादा गेल्यावर तुम्ही त्याचा लाकूड कातायचा लेथ माझ्याकडे पाठवलात, त्याबरोबरच्या खोक्यात एक अर्धवट स्टूल निघालं. बैठक आणि पाय कातून झालेले, जोडणी आणि पॉलिश राहिलेलं. जोडणी मी केली. (एक पाय बसायला तयार नव्हता, त्याची समजूत घातली. स्टूल आता किंचित डुलतं, पण पडत नाही.) पॉलिशला दादा लाखेशिवाय काही वापरायचा नाही, म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराने दोन बरण्या पुढे केल्या, एकीत लाखेच्या पापुद्र्यांची नारिंगी चपडी, दुसरीत जवळजवळ पांढरी. नारिंगीने लाकूड तांबूस दिसतं, पांढरीने आहे तसंच राहतं. "तुम्हाला कसं हवंय?" म्हणाला. हा प्रश्न, वहिनी, मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर जरा लांबलं. दादा, लेथ, तुमचे गुडघे, सगळं सांगून झालं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा तो सौम्यपणे म्हणाला, "काका, घरी विचारून या ना." घरी कोणाला विचारणार, हे त्याला कुठे सांगत बसू?

परत येऊन खोकं पुन्हा उपसलं, तर तळाशी दादानेच स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेल्या लाखेची बाटली. विरघळवलेली लाख जुनी झाली की नीट वाळत नाही, असं दुकानदार बोलता बोलता म्हणाला होता; पण दादाची बाटली टाकून द्यायला हात धजेना. कापडाचा बोळा करून हात मारले. रंग सुरेख उतरला. काही दिवस थांबून बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही, म्हणून चहाचा कप घेऊन ऐटीत बसलो.

बोटाचं वजन वेगळं आणि माझं वेगळं. चहा संपवून उठलो, तर स्टूलही उठलं. (मग दोघेही बसलो.) फोन आतल्या खोलीत. स्टुलासकट फरफटत निघालो, तो आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई वर आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

"काय सरकवताय एवढं?"

"स्वतःला," मी म्हणालो.

त्यांनी सगळा प्रकार नीट पाहिला. "मग पँट का नाही काढलीत?"

शपथेवर सांगतो वहिनी, हे मला सुचलंच नव्हतं.

"निदान हाक तरी मारायची."

"सवय गेली हो," मी म्हणालो. त्यांनी चादर आणून दिली, जिन्यात पाठ करून उभ्या राहिल्या, मग आत येऊन चहा टाकला आणि तो पिईपर्यंत थांबल्याही. त्या गेल्यावर कप विसळायला मला उगाचच फार वेळ लागला.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता. क. पँटचा मागचा तुकडा स्टुलावरच राहिला. बाई म्हणतात, कापड चांगलं होतं.

ता. क. स्पिरिटने सगळी लाख पुसून काढली. लाकूड पुन्हा कोरं आहे. बाटली मात्र ठेवलीय.

ता. क. दादा म्हणायचा, कातणं माझं, पण पॉलिशचा शेवटचा हात तिचाच. तेव्हा नारिंगी की पांढरी, ते तुम्हीच सांगायचं आहे. पत्राने नको, फोनवर तर नकोच, रंग काही ऐकू येत नाही. दगदगीबद्दल वर लिहिलंय ते नुसतं रीतीचं. मी स्टेशनवर येतो. जिना थोडा चढा आहे, पण बाईंना विचारून ठेवलंय; एका बाजूने त्या, एका बाजूने मी, सावकाश वर आणू तुम्हाला.