मूर्तिजापूरला दिलेला पिंजरा

अमरावती,
१२ ऑक्टोबर

प्रिय रोहित,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीनं लिहिला गेला. खोडला तर पान घाण दिसेल, म्हणून राहू देते. फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलत राहतोस, मी ऐकत राहते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की जे विचारायला केला होता त्याचं उत्तर काही मिळालं नाही. कागदाला मध्येच बोलून गप्प करता येत नाही.

पौर्णिमाची सहामाही परवा संपली. गणित सोपं गेलं म्हणते, इंग्रजीबद्दल काही बोलत नाही. उन्हाळ्यातले सगळे कपडे तिला आखूड झालेत. मी अजून नांदगाव पेठच्या कारखान्यात कापड तपासायच्या टेबलावरच आहे. दिवसभर दिव्याखाली ताग्यातला सुटलेला धागा शोधायचा, डाग शोधायचा, खडूनं खूण करायची. आठ वर्षं हेच काम केल्यावर नजरेला दोष पटकन दिसतो. तू मला कायम म्हणायचास, तू घरीही कापडच तपासत बसतेस. खरं आहे ते.

उंदीर तूच आणले होतेस. पौर्णिमाच्या आठव्या वाढदिवसाला नागपूरच्या दुकानातून खोक्यात घालून आणलेली दोन पिल्लं, एक पांढरी, तोंडापासून खांद्यापर्यंत काळी, आणि एक बदामी. मी तेव्हा तीन दिवस त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. तुझ्या आई तर म्हणाल्या होत्या, “कणगीतले उंदीर मारता मारता माही जिंदगी गेली, अन् हा पैसे देऊन घरात आणून राहिला.” तू हसलास, पौर्णिमानं चिंगी आणि बुंदी अशी नावं ठेवली, आणि सहा महिन्यांनी तू अकोल्याला आईकडे राहायला निघून गेलास. उंदीर माझ्याकडे राहिले. तू आणलेल्या पुष्कळ गोष्टींचं तसंच झालं.

मग मी शिकले. दुसरं कोण शिकणार होतं? दुकानातल्या पिंजऱ्याला खाली नुसती जाळी होती, तिच्यावर चालून बुंदीच्या तळपायाला फोड आला. डॉक्टर नागसेन म्हणजे गाई-म्हशींचे डॉक्टर, पण त्यांनी तिला तळहातावर घेऊन भिंगातून पाय पाहिला आणि मला रागावले. म्हणाले, “मॅडम, तुमी दिवसभर जाळीवर अनवाणी उभ्या राहून पाहा.” त्याच आठवड्यात वेल्डरकडून दोन मजली पिंजरा करून घेतला, बोटही जाणार नाही इतक्या जवळ गज असलेला, आणि तळाला पत्रा. कारखान्यातल्या सुती चिंध्या त्यात अंथरायला लागले. लाकडाचा भुसा बंद केला, त्याच्या वासानं त्यांना शिंका यायच्या. नाकाशी लाल काही दिसलं की पौर्णिमा रक्त समजून रडायची. ते रक्त नसतं, आजाराची किंवा भीतीची खूण असते, हे मी तिला सांगू शकायचे. एकटा उंदीर झुरतो, म्हणून दोघींना कधी वेगळं करायचं नाही. ज्वारी, मूग, उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या बिया. जुन्या ओढणीचा झोका बांधला होता, त्यात दोघी एकमेकींच्या अंगावर झोपायच्या आणि खूष असल्या की दात बारीक करकरवायच्या. संध्याकाळी मी दमून बसले की चिंगी माझ्या बाहीत शिरून कोपरापाशी थांबायची. ज्या वर्षी मला कुणीच हात लावत नव्हतं त्या वर्षी ती येऊन थांबायची. हे तुला कळेल अशी अपेक्षा नाही.

सुट्ट्यांचं आपण आपसात ठरवलं होतं. मे महिन्यात मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर मी पौर्णिमाला तुझ्या हाती दिलं, आणि तिच्या हट्टामुळे पिंजराही. सोबत मी एक कागद दिला होता. त्यातल्या पहिल्या ओळीखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या: यांना घाम येत नाही, ऊन सोसत नाही, कूलरच्या खोलीतच ठेवायचं, दुपारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात द्यायची. तू कागद न वाचता खिशात घातलास आणि म्हणालास, “वर्षाली, उंदीर आहेत, काचेचं सामान नाही.” पौर्णिमा तुझ्याकडे पाहत होती, म्हणून मी परतीच्या बसकडे वळले.

पुढचं मला तू सांगितलेलं नाहीस. जूनमध्ये, पौर्णिमाला मी घरी आणल्यावर, तुझ्या आईंचा फोन आला, तेव्हा कळलं. शेंदूरजनाघाटला तुझ्या चुलतभावाचं लग्न होतं, आदल्या दिवशी घरी पाहुणे आले, वास येतो म्हणून आईंनीच पिंजरा मागच्या गॅलरीत ठेवायला लावला. त्या गॅलरीवर पत्रा आहे. निघायच्या गडबडीत तो तिथंच राहिला. तुम्ही सगळे लग्नाला गेलात, घराला कुलूप, कूलर बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आणि आई परतलात, पौर्णिमा भावंडांत चार दिवस मागं राहिली. दोघी पाण्याच्या बाटलीपाशी एकमेकींना चिकटून मेलेल्या होत्या. आई फोनवर रडत होत्या. “पाप लागलं मले, वर्षाली. तो म्हणे, आई, तू काही बोलू नको, मी करतो बराबर.”

आणि तू बरोबर केलंस. चार दिवसांत तशाच रंगाच्या दोन शोधून आणल्यास. आठ दुकानं फिरला असशील. अशा कामात तू कधी कंटाळा केला नाहीस. पौर्णिमा लग्नाहून आल्यावर तू तिला सांगितलंस, उन्हानं वाळल्यात जरा. दीड वर्षाच्या उंदरांच्या जागी दोन महिन्यांची पिल्लं ठेवून तू म्हणालास, वाळल्यात.

मी तिला न्यायला आले तेव्हा बसस्टँडवर ती पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. मला तिथंच दिसलं. बुंदीचा डावा कान फाटलेला होता, हिचे दोन्ही कान साबूत होते. मी पौर्णिमाच्या तोंडाकडे पाहिलं. ती समोरच्या गाड्यांकडे पाहत होती. मला वाटलं, हिला कळलेलं नाही. आणि रोहित, यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण ते लिहिलं नाही तर बाकी कशाला अर्थ नाही. मी तुझी बाजू सांभाळली. घरी आल्यावर तिनं विचारलं, “आई, ही मले ओळखून नाही राहिली, काहून?” आणि मी म्हणाले, जागा बदलली की त्या बिचकतात. तिनं कानाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, जखम भरून येते कधी कधी. कापड तपासणारी बाई मी. भोक समोर दिसत असताना ताग्यावर ‘ठीक’ असा शिक्का मारला.

बाबांच्या वेळेस तू माझ्याशी हेच केलं होतंस, आणि तेव्हापासून मी तुला माफ केलेलं नाही. तिवस्याहून भावाचा फोन दुपारी बारा वाजता तुला आला होता. बाबांचं काही खरं नाही, वर्षालीला घेऊन या. तू संध्याकाळपर्यंत थांबलास. मी कामावरून आले, चहा प्यायले, पौर्णिमाचा अभ्यास घेतला, आणि जेवण झाल्यावर तू म्हणालास, “बुधाजीमामांची तब्येत जरा नरम आहे, चक्कर टाकून येऊ का?” आपण पोचलो तेव्हा त्यांच्या नाकात कापूस घातलेला होता. माझ्या आईनं सांगितलं की चार वाजेपर्यंत ते दाराकडे पाहत होते. तू मला म्हणालास, तू उपाशी निघाली असतीस, रस्ताभर रडली असतीस, म्हणून सांगितलं नाही. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. तुझ्या मनात कधीच वाईट नसतं. तुला समोरच्याचं रडणं पाहवत नाही, म्हणून तू त्याच्या रडण्याची वेळच काढून घेतोस. हातात चार तास असूनही माझे बाबा मला भेटले नाहीत, ते तुझ्या या चांगुलपणामुळे. आणि तोच चांगुलपणा मी जूनमध्ये माझ्या पोरीला वाढला.

घरी आल्यावर आठव्या दिवशी सकाळी चिंध्यांत नऊ पिल्लं दिसली. सोललेल्या शेंगदाण्यासारखी, गुलाबी, डोळे मिटलेली. दुकानातल्या नरांत ठेवलेली मादी तुझ्या गळ्यात मारली होती दुकानदारानं. पौर्णिमा पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली होती. मी मागे उभी राहिले. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “आपल्या तं दोघी पोरीच होत्या नं आई. आता तू काय सांगशील?”

मी तिच्याशेजारी खाली बसले. ती म्हणाली, “मले अकोल्यातच समजलं होतं. मी बोलली असती तर बाबाले वाईट वाटलं असतं. अन् मग तू बी तसंच बोलली, तर मले वाटलं तुलेबी वाईट वाटन.” साडेनऊ वर्षांची पोरगी, रोहित. तीन आठवडे ती तुला आणि मला सांभाळत होती. तिच्या दोघी मेल्या आणि घरात एकही माणूस असा नव्हता की ज्याच्याजवळ तिला रडता येईल. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. ती दुपारी रडली, बराच वेळ, आणि मी तिला गप्प केलं नाही.

पिल्लांतली दोन दगावली, सात वाचली. तिनं पाच आठवडे वहीत त्यांची वजनं लिहिली, डॉक्टर नागसेनांकडून नर-मादी ओळखायला शिकली आणि वेळेत नर वेगळे केले. माझ्यासोबत काम करणाऱ्या आरतीनं तीन नर नेले. त्याआधी पौर्णिमा तिच्या घरी जाऊन पिंजरा कुठं ठेवणार ती जागा पाहून आली. दुपारी तिथं ऊन येतं का ते पाहायला पुन्हा एकदा दुपारी गेली. बाकीची चार पिल्लं डॉक्टरांच्या ओळखीच्या एका घरी गेली. तू आणलेल्या दोघी आमच्याकडेच आहेत, मजेत आहेत. मला वाटलं होतं ती त्यांचा राग करील. ती म्हणाली, “त्यायची काय चूक?” पण चिंगी, बुंदी या नावांनी तिनं त्यांना कधी हाक मारली नाही. महिनाभर त्यांना नावच नव्हतं. मग तिनं जुई आणि शेवंती ठेवलं.

मागच्या आठवड्यात तुझा मेसेज आला. दिवाळीच्या सुट्टीत पौर्णिमाला पाठव, घरी एसी बसवला आहे, चिंगी-बुंदीलाही आण, आता त्रास होणार नाही. मी तो दोनदा वाचला. मे महिना होऊन पाच महिने झाले आणि तू अजून त्यांना त्याच नावानं बोलावतोस. मी तो मेसेज पौर्णिमाला जसाच्या तसा वाचायला दिला. आता मी तिच्यापासून काही लपवत नाही. मला वाटलं, ती येणार नाही म्हणेल, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं असतं. पण ती नाही म्हणाली नाही. तुझ्यावर ती रागावलेली नाही, निदान मला तसं दिसत नाही. ती एवढंच म्हणाली, “मी जाईन. पण आधी बाबाले विचार, त्यानं त्यायले कुठं नेलं.”

हे मी तुझ्या आईंना विचारून पाहिलं. त्यांना माहीत नाही. पिशवीत घालून स्कूटरवर घेऊन गेला, अर्ध्या तासात परत आला, एवढंच त्या सांगतात. म्हणजे ते फक्त तुला माहीत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. मला उत्तर देऊ नकोस. पौर्णिमाला लिही, तुझ्या अक्षरात, पाकिटावर तिचं नाव घालून. कुठं पुरलंस ते लिही. मोर्णा नदीच्या पुलावरून फेकलं असशील तर तसं लिही. घंटागाडीत टाकलं असशील तर घंटागाडी लिही. ती रडेल, तर रडू दे. मी आहे इथं. फक्त तुळशीजवळ पुरलं, फूल वाहिलं, असलं काही सुचलं तर पेन खाली ठेव. ती अकोल्याला आल्यावर तुळशीतली माती उकरून पाहील, मी तिला ओळखते.

एके काळी तुझीच, आणि पौर्णिमाची आई,
वर्षाली