चार सेकंदांचं हसू

प्रिय दीपमाले,

आकारान्त स्त्रीलिंगी, संबोधनाचं एकवचन. दहावीत हे रूप मी तुला सहा वेळा विचारलं आणि सहाही वेळा तू छताकडे बघितलंस. आता बघू नकोस, गाडीचं छत बुटकं आहे. गाडी गाव सोडून डांबरी रस्त्याला लागल्यावरच हे पत्र तुझ्या हातात द्यायचं, असं मी बजावून सांगितलंय. तेव्हा अक्षर हलत असेल. थोडं रस्त्यामुळे, थोडं माझ्यामुळे. बसवप्रभु शेजारी आहे ना? त्याला कामावरून बोलावून घेतल्याशिवाय निघायचं नाही, हेही सांगितलं होतं. असेल तर पुढे वाच.

वर्षातून दोनदा तुझं निनावी कार्ड येतं. त्यावर 'सर्वे कुशलम्' एवढी दोनच पदं, आणि त्यातलं एक चुकलेलं. पोस्टमन विचारतो, 'सर, कोण लिहायलंय हो हे तुम्हाला?' मी म्हणतो, माझं अपयश लिहायलंय. चूक तीच असली की मला कळतं, पोरगी जिवंत आहे, सुखात आहे, आणि तू कुठे आहेस ते तुझ्या माहेरी अजून कुणाला ठाऊक नाही. तुझ्या नि बसवप्रभूच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली तेव्हा वाटलं होतं, आपलं काम संपलं. सही करणाऱ्याचं काम कधी संपत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळतंय. बुद्धी जरा उशिरानं येते, पण येते.

इकडची बातमी अशी की आम्ही सिनेमावाले झालोत. जिल्ह्यात शाळांची स्पर्धा निघाली: मुलांनीच गाणं लिहायचं, म्हणायचं, मोबाइलवर चित्रीकरण करायचं, जोडणीही त्यांनीच करायची. मार्गदर्शक म्हणून मला नेमलं, कारण मुख्याध्यापकांच्या मते संस्कृतच्या मास्तराला वेळच वेळ असतो. सगळी सूत्रं सौम्या नावाच्या दहावीतल्या मुलीकडे. ही पोरगी माझ्याशी बोलताना एक डोळा मोबाइलवर ठेवते, आणि तरी तिचं ऐकावं लागतं. मी मोठ्या हौसेनं शार्दूलविक्रीडितात चार ओळी लिहून दिल्या. तिनं त्या वाचल्या, दोनदा वाचल्या, आणि अगदी अदबीनं म्हणाली, 'अप्पा सर, ह्याच्यावर नाचायचं कसं ओ?' मग पोरींनी स्वतःच गाणं रचलं. वर्गात आवाज घुमतो म्हणून दोन बाक जोडून त्यांवर गोधड्या टाकल्या आणि गाणाऱ्या पल्लवीला आत कोंडलं. ती घामाघूम होऊन बाहेर यायची आणि सौम्या ओरडायची, 'अजून एकदा गं! शेवटी उदगीरची बस आली आवाजात!' लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बाबूलालनं मोबाइल धरायची एक काठी दिली. तिला गिंबल म्हणतात. धरणारा कितीही धडपडला तरी चित्र स्थिर राहतं. माझ्या वयाच्या माणसांना सरकारनं एकेक द्यायला हवी.

गाण्याचं धृपद असं होतं: 'पाण्या रं पाण्या, माहेरी जा, लेक सुखात हाय, सांगून ये जा.' मी त्यातल्या वृत्तदोषांची यादी करत बसलो होतो. दुसऱ्या कशाचाच दोष तेव्हा दिसला नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. संक्रांतीनंतर आमची सहल गाणगापूरला आली होती. बीदरहून भाड्यानं केलेली बस, तिच्यावर शाळेचं नाव नव्हतं. परतताना वाट वाकडी करून ती बस तुझ्या करजगीत नेली ती मी. ड्रायव्हरला म्हटलं, पोरींना तहान लागलीय. पोरींच्या बाटल्या भरलेल्या होत्या. दोन वर्षांत तुला बघितलं नव्हतं, एवढंच कारण. खाली उतरलो नाही. पडद्याच्या फटीतून बघत बसलो, चोरासारखा. पोरी हातपंपाकडे गेल्या, तू घागर घेऊन आलीस, आणि पदर सावरलास तेव्हा कळलं की तुला दिवस गेलेत. मी चष्मा पुसला. तू पोरींना विचारलंस, 'कुठल्या गं तुम्ही?' त्या म्हणाल्या, 'बीदरकडच्या.' तुझा हात घागरीवर क्षणभर थांबला, तेही दिसलं. पण पोरी लहान, तुला न ओळखणाऱ्या. तू सैल झालीस. मग त्यांनी स्पीकर लावला, पंपाभोवती नाचल्या, आणि तू मान मागे टाकून हसलीस. मला समाधान वाटलं. परतीच्या वाटेवर झोपही छान लागली.

सौम्याची काठी तेव्हा चालूच होती, हे मला ठाऊक नव्हतं.

जोडणी तिनं पंधरा दिवस केली. मी काही बघितलं नाही. मला फक्त शेवटची आभाराची पाटी लिहायला सांगितली होती. तुला आठवतं का, सहलीत ज्या ज्या गावचं पाणी प्यायलो त्या गावांची नावं परतल्यावर प्रार्थनेला घ्यायची, हा आपल्या शाळेचा रिवाज. तुमच्या वेळी तूच ती नावं म्हणायचीस आणि हटकून एक विसरायचीस. मी विसरत नाही. चार गावांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून दिली, करजगी तिसरं. उपकार करणाऱ्याचं नाव बुडवू नये, हे मी तीस वर्षं शिकवलं. कुणाकुणाचं नाव बुडवणं हाच उपकार असतो, हा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

स्नेहसंमेलनात, दुपारी, खिडक्यांना काळं कापड बांधून व्हिडिओ दाखवला. तुझी भाची पिंकी यंदा पाचवीत आहे, तिचा नाच होता. त्यामुळे तुझी आई तिसऱ्या रांगेत बसलेली, पिंकी तिच्या मांडीला टेकून. व्यंकट स्टँडवर जीप लावून नुकताच आला होता, दाराशी उभा. तुझा भाऊ माझाच विद्यार्थी. शब्दरूपं घडाघडा म्हणायचा, तुझ्यासारखा नव्हे. पडद्यावर धृपद आलं, मागे तुराट्यांची गंजी, पुढे घागर, आणि तू. सौम्यानं ते हसू संथ केलंय. चार सेकंद. एक हात पोटावर. लोक 'वा' म्हणाले. आणि त्या अंधारात पिंकी केवढ्यानं तरी ओरडली, 'आज्जे, आत्या!'

तुझ्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडून गेला होता. दोनशे माणसांनी मान वळवली, पडद्याकडे नाही, दाराकडे. व्यंकट हलला नाही. सगळा व्हिडिओ त्यानं उभ्यानं बघितला, माझी पाटीसुद्धा. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानंही वाजवल्या.

तू लग्न करून गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी घरच्यांनी तुझ्या नावानं अंघोळ केली, हे तुला कुणी कळवलं की नाही मला माहीत नाही. मी कळवलं नव्हतं. भाऊबंद बोलावले, एकेकानं डोक्यावरून पाणी घेतलं, पोरगी मेली असं जाहीर झालं. दरवर्षी पान वाढायला तिथी हवी म्हणून व्यंकट माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, बाबा, जिवंत माणसाची तिथी माझ्या पंचांगात छापलेली नाही. तो हसला नाही. त्यानंतर दोन वर्षांत त्याच्या तोंडून तुझं नाव निघालं नाही. मला वाटलं, राग निवला. राग निवला नव्हता, दीपमाले. त्याचा प्रश्न मिटला होता. तो त्या चार सेकंदांनी पुन्हा उघडला.

सोमवारी तो शाळेत आला. वाकून नमस्कार केला. 'सर, व्हिडिओ लई भारी केलाव,' म्हणाला. मी म्हटलं, पोरींनी केलाय. तर म्हणतो, 'मेलेलं माणूस हसायलंय बघा त्यात.' आवाज अगदी साधा, जीपमध्ये किती सीट बसतात हे सांगावं तसा. मग म्हणाला, 'आम्ही गावासमोर अंघोळ केलाव सर. आता गावच ते बघायलंय मोबाइलवर. आम्हाला खोटं पाडायलंय.' आणि शेवटी, 'पाटीवर चार गावं हायत. पाण्याचं गाव कोणतं ओ?' मी म्हटलं, आळंदच्या अलीकडची एक वस्ती. इतक्या सहज निघालं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. तीस वर्षं फळ्यावर रोज एक सुभाषित लिहिलंय, त्यातली निम्मी सत्यावर. मंगळवार, बुधवार तो आळंदला होता. बाजारात, स्टँडवर, वाटेवरच्या पंपांवर मोबाइल दाखवत फिरला. व्हिडिओ मी काढून टाकायला लावला, सौम्यानं काढलाही. पण तोवर तो आपल्या कमलनगरच्या प्रत्येक खिशात गेला होता. ठाण्यातही जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, 'सर, अजून कुणी कुणाला काय केलंय का?' मी म्हटलं, नाही. 'मग?' म्हणाले. मी चहा संपवला आणि उठलो.

काल संध्याकाळी तो आळंदहून परतला आणि थेट सौम्याच्या घरी गेला. ओट्यावर बसला, चहा घेतला, पोरीचं कौतुक केलं. 'अक्का, मोबाइलवर आलेला फुटायलाय गं, ओरिजिनल दे की, क्लिअर पाहिजे,' म्हणाला. कौतुकानं कोण फुलत नाही? तिनं मूळ चित्रफीत पाठवली. आज सकाळी सातला ती माझ्या दारात रडत उभी होती. मी विचारलं, काय झालं बाळ? तर तिनं मोबाइल पुढे केला. मूळ फाइलमध्ये, म्हणे, कुठे उभं राहून चित्र घेतलं ते आपोआप लिहिलं जातं. बोट लावलं की नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल टिंब. मी ते मोठं करून बघितलं. करजगी. पंपापासून तुझ्या घरापर्यंतचा बोळसुद्धा दिसत होता. मी खोटं बोललो होतो. टिंबाला खोटं बोलता येत नाही. सौम्या म्हणत राहिली, 'सर, मला म्हाईत नव्हतं, खरंच म्हाईत नव्हतं.' मी तिला म्हटलं, बसची वाट मी वाकडी केली आणि पाटीही मी लिहिली. तुझी चूक तिसऱ्या नंबरची आहे, उगाच पहिला नंबर मागू नकोस. ती हसली नाही. अलीकडे माझ्या विनोदांना कुणी हसत नाही.

तिला घरी पोचवून मी स्टँडवर गेलो. आठच्या फेरीची माणसं गाठोडी घेऊन उभी होती. व्यंकटची जीप नव्हती. 'आज यायला न्हाई वाटतं,' एक म्हातारी म्हणाली, 'लांबचं भाडं हाय म्हणं त्याला.' किती वाजता निघाला, कुणाला सांगता आलं नाही. तुमचा फोन नंबर मी जपून कधी घेतलाच नव्हता, म्हणून बाबूलालला सांगितलं; त्यानं एकही प्रश्न न विचारता गाडी काढायला घेतली, आणि तो टाकी भरून येईपर्यंतच हे लिहितोय. वाटेत कुणी विचारलं तर लग्नाचं शूटिंग आहे म्हणायला कॅमेऱ्याची पेटीही ठेवली. तो तुम्हाला कुठे नेईल, ते इथं लिहीत नाही. तो पत्ता कागदावर कुठेच नाही. लिहिलेल्या गावांचा मला आता धसका बसलाय.

पत्ता तुझ्या आईला पाठ करून दिलाय. हो, गाडीत तुझ्या शेजारी जी बसली आहे, ती मी हे लिहितो आहे तेव्हा माझ्यासमोरच्या बाकावर बसून आहे. व्यंकट कुठे निघाला ते ओळखून साडेआठला आपणहून आली, काखेत बोचकं, त्यात बाळाची कुंची. संमेलनाच्या दुसऱ्या दिवसापासून शिवत होती म्हणाली. तिला वाचता येत नाही, म्हणून पत्ता श्लोकासारखा अकरा वेळा म्हणवून घेतला; एकदाही चुकली नाही, तुझी विसरभोळी बुद्धी तिच्याकडून आलेली नाही. तू हे वाचते आहेस म्हणजे बाबूलाल आधी पोचला, एवढाच तर्क मला आता करता येतो. खरं तर निरोप तोंडी जाणारच होता, पत्राची गरज नव्हती. हे तिनं लिहायला लावलं. मी वह्या बाजूला सारून उठलो तेव्हा तिनं मला खाली बसवलं आणि म्हणाली, 'सर, तिला एक लिवा. मला तोंडानं सांगायला व्हायचं न्हाई. त्या दिवशी मी न्हाणीत गेले, दार लावलं, केस तेवढे ओले केले अन् बाहेर आले. तिच्या नावाचं पाणी मी डोक्यावरून घेतलं न्हाई.' बाकी सगळं मी माझ्या पदरचं लिहिलं, एवढं एक वाक्य तिचं. 'लिवलाव का?' असं आत्ता तिसऱ्यांदा विचारतेय. तू हे वाचशील तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसेल, आपल्याला काही ठाऊकच नसल्यासारखी. तिला काही विचारू नकोस. कुंची मागून घे. आणि मागच्या काचेतून अधूनमधून बघत राहा: पांढरी जीप, समोरच्या काचेवर पिंकीचं नाव.

तुझाच,
तुला सहा वेळा नापास करूनही न थकलेला,
वीरभद्रप्पा सर